दाजींची उंच काठी

माझ्या साडूंनी हा बारामती-इंदापूरचा रस्ता जेवढा पाहिला आहे तेवढा तो बांधणाऱ्यांनीसुद्धा पाहिलेला नाही, आणि त्यांच्या गाडीत एकदा बसलेला माणूस राजीखुशीनं दुसऱ्यांदा बसल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. वालचंदनगरच्या बाजूला लोखंडाची अवाढव्य यंत्रं तयार होतात. टाक्या, नळकांडी, दातेरी चाकं. एकेक नग असा की माझं बारामतीतलं चष्म्याचं दुकान त्याच्या पोटात सहज मावावं, वर गिऱ्हाइकांना बसायला बाकडंही टाकता यावं. असा नग साध्या ट्रकवर बसत नाही. तो ढीगभर चाकांच्या लांबलचक ट्रेलरवर चढतो, त्याला ओढायला एक दांडगं इंजिन जोडतात, त्या इंजिनाला या लोकांत घोडा म्हणतात, आणि घोड्याच्या पुढं काही अंतरावर एक जीप चालते. जीपच्या टपावर लाल झेंडे आणि बंपरला उभी बांधलेली कळकाची काठी. काठी मुद्दाम बोज्याहून किंचित उंच ठेवलेली असते. ती जिथं अडकेल तिथं बोजा अडकणार, हे आधी कळावं म्हणून. त्या जीपमध्ये दाजी बसलेले असतात. घोडेवाला कुणाचं ऐकत नाही, पोलिसांचंही नाही. दाजींची शिट्टी वाजली तर निघतो, वाजली तर थांबतो.

या धंद्यामुळं दाजींची मान कायमची वर गेली आहे. माणूस कुणाच्या घरी गेला की आधी यजमानाकडं बघतो. दाजी चौकट बघतात. देवळात गेले की मूर्तीच्या आधी घंटा किती खाली लोंबतेय ते बघतात. त्यांची माझी पहिली भेट माझ्या लग्नात झाली आणि तेव्हा बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. लग्न कन्हेरीला होतं. मला घोड्यावर बसवलं, डोक्याला फेटा, त्यावर तुरा, कपाळावर मुंडावळ्या, आणि वरात निघणार एवढ्यात एक सहा फुटी गृहस्थ हातात कळक घेऊन घोड्याच्या पुढं येऊन उभे राहिले. त्यांनी घोड्याच्या खुरापासून माझ्या तुऱ्यापर्यंत माप घेतलं. मला वाटलं ही यांच्याकडची एखादी रीत असेल, म्हणून मी गप्प बसलो. मग सबंध वरातभर ते पुढं उलटे चालत राहिले आणि दर विजेच्या तारेखाली ओरडत राहिले, "वाका, पाव्हणं! वायर हाय!" मी वाकत होतो. तार कित्येक हात वर असायची, तरी वाकत होतो, कारण ते शिट्टी फुंकत होते. मांडवात पोचेपर्यंत माझी कंबर धरली. पण सासरच्या म्हाताऱ्या माणसांनी ओट्यांवरून हे पाहिलं आणि जावई लई नम्र हाय, येताना समद्यास्नी वाकून नमस्कार केला, असा माझा जो लौकिक झाला तो आजतागायत टिकून आहे.

पुढं दुकानावरच्या खोल्यांत आम्ही राहायला गेलो आणि लोखंडी कपाट घेतलं. दुकानदाराचे दोन हमाल ते पाच मिनिटांत वर नेऊन ठेवणार होते. दाजींना हे कळलं. ते आदल्या दिवशी येऊन जिन्याची पाहणी करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं उभी केली, शेजाऱ्यांना दारं लावून घ्यायला सांगितली, कपाटाच्या चारी कोपऱ्यांना लाल फडकी बांधली आणि शिट्टी फुंकली. समोरच्या दूधवाल्याला वाटलं आमच्याकडं कुणीतरी गेलं. तो टोपी काढून कडेला उभा राहिला. कपाट एकेक पायरी चढत होतं आणि दाजी वर छताकडं बघत मागं सरत होते. दुपारी जेवणाच्या वेळेला ते वर पोचलं. कपाटाला ओरखडा नाही, भिंतीला ओरखडा नाही. फक्त दाजींनी खाली न बघितल्यामुळं त्यांचा अंगठा उंबऱ्यात ठेचला आणि नख निघालं. ते म्हणाले, "त्येचं काय न्हाय. मालाला लागलं न्हाय न्हवं?"

लाल रंग दिसला की दाजींची नजर बदलते. उसाच्या हंगामात आमच्याकडचे रस्ते कसे असतात हे इकडच्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना फरफटतोय, मागं ना दिवा ना काही, आणि पुढं ड्रायव्हर मोठ्यानं गाणी लावून आपल्याच नादात. दाजी अशा ट्रॅक्टरला हात करून थांबवतात, ड्रायव्हरला खाली उतरवतात, त्याच्या खानदानाची चौकशी करतात आणि शेवटच्या उसाला लाल फडकं बांधून मगच सोडतात. एका दिवाळीत माझ्या मेहुणीनं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, लाल रंगाची जरीची साडी घेतली होती. पाडव्याला नेसली आणि घडी करून ठेवली. संक्रांतीला शोधू लागली तर सापडेना. घर उलथंपालथं केलं, मोलकरणीला विचारलं, जावांवर संशय घेऊन झाला. मग एक दिवस ती आमच्याबरोबर एसटीनं इंदापूरला येत असताना पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, आणि तिनं एकदम माझ्या बायकोचा दंड धरून किंकाळी फोडली, "आगं, माजा पदर!" खरंच पदर होता. जरीसकट फडफडत होता. पुढच्या नाक्यावर काठाचा तुकडा दिसला, त्याच्या पुढच्या वळणावर निऱ्यांचा. तालुकाभर तिची साडी चालली होती. घरी गेल्यावर तिनं जे काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाजी खाली मान घालून ऐकत होते, ते प्रथमच तसे दिसले. शेवटी एवढंच म्हणाले, "जरीचं लांबनं लई चांगलं चमाकतंय पर."

बोजा घेऊन गावातून जाताना बाया हळदकुंकू घेऊन धावतात, हे मला आधी खरं वाटत नव्हतं. एवढं मोठं काहीतरी झेंडे लावून, शिट्ट्या वाजवत, सावकाश येतंय, म्हणजे देवाचंच असणार. निमगाव केतकीला बाजाराच्या दिवशी माझ्यादेखत एका आजीनं टाकीला कुंकू लावून कुठला देव म्हणून विचारलं. दाजींनी शांतपणे सांगितलं, "शिमिटाच्या फॅक्ट्रीचा." तिनं तेवढ्याच भक्तीनं नमस्कार केला. मी दाजींना म्हटलं, अहो, सांगा की तिला खरं काय ते. तर म्हणाले, "पडू द्या पाया. पाया पडतीया तवर बाजूला हुबी ऱ्हातीया. न्हायतर चाकाखाली येती."

आता त्या दिवसाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. वालचंदनगरला मी डोळे तपासायच्या शिबिराला गेलो होतो, आणि परत निघताना माझी मोटरसायकल बंद पडली. मला इंदापूरला एका बारशाला पोचायचं होतं, बायको सकाळीच पुढं गेली होती. दाजी भेटले. "बसा की पाव्हणं, आमी तिकडंच निघालोय," म्हणाले. मागं पाहिलं तर घोडा, ट्रेलर आणि त्यावर एक आडवी टाकी. ती बघूनच मी बारशाचा नाद सोडायला हवा होता. पण बसलो. आमच्या बाजूनं सायकली पुढं जात होत्या. एक म्हैसही आम्हाला मागं टाकून गेली आणि जाताना तिनं वळून पाहिलं.

दाजींचं गाव त्याच रस्त्यावर, निमगावच्या अलीकडं. एरवी मोठा रस्ता गावाला बाहेरून वळसा घालून जातो; पण त्या महिन्यात ओढ्यावरच्या पुलाचं काम निघालं होतं आणि सगळी वाहतूक गावातून वळवली होती. गावात शिरतानाच दाजींच्या वडिलांच्या नावाची कमान आहे. आपल्याकडं ही पद्धतच आहे, घरातलं माणूस गेलं आणि पोरांना बरे दिवस आले की गावाच्या वाटेवर त्याच्या स्मरणार्थ कमान उभी राहते. वडील जन्मभर बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. दोघा भावांनी मिळून लोखंडाची कमान केली, दोन खांब, वर आडवी तुळई आणि तुळईवर पत्र्याची मोठी अक्षरं. तेव्हा दाजींनी ती इतकी उंच करायला लावली होती की गाव हसलं होतं. हत्ती यायचाय का गावात, असं लोक विचारायचे. दाजींचं म्हणणं असं की उद्या आपलाच एखादा बोजा इथून न्यायची वेळ आली तर बापाच्या नावाला धक्का लागता कामा नये.

कमान दिसली तशी दाजींनी जीप थांबवली. खाली उतरले, बंपरची काठी सोडली आणि आडवी करून टपावर ठेवली. मग चपला काढून कमानीला हात जोडले. मी चकित झालो. मोकळ्या माळावर आभाळाचंसुद्धा माप घेणारा हा माणूस इथं काठी खाली घेत होता. मी म्हटलं, "दाजी, इथलं माप?"

"बापाचं माप मी घ्यायचं व्हय, पाव्हणं?" दाजी म्हणाले. "त्येच्या नावाला कळक आपटंल. काल बघायला आलतो तवाबी खालीच घेतली. कमान म्याच बांधलीया, किती हाय ते मला ठावं हाय."

आम्ही कमानीखालून आत गेलो. दाजी उतरून, तोंडात शिट्टी धरून, बोज्याच्या पुढं उलटे चालू लागले. चालता चालता त्यांनी सवयीनं वर पाहिलं आणि अशी काही शिट्टी फुंकली की मी जीपमध्ये उभाच राहिलो. घोडा करकचून थांबला. टाकी कमानीपासून हातभर अंतरावर होती, आणि टाकीचा माथा तुळईच्या वर चांगला वीतभर दिसत होता.

दाजी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, नखानं डांबराची कड खरवडली. एकाखाली एक थर निघत गेले. दर निवडणुकीच्या आधी जुन्या रस्त्यावर नवा रस्ता ओतलेला. कमान बांधली तेव्हाची जमीन पार खाली होती.

"रस्ता वर आला, पाव्हणं," ते म्हणाले. "बा हाय तितंच हाय."

मग सुरू झाली धडपड. ट्रेलर तेलाच्या दाबावर थोडा खाली बसवता येतो, तो बसवला. टायरांतली हवा सोडली. वीतभराची चार बोटं झाली, पण ती चार बोटं काही हलेनात. मागं एसटी, तिच्या मागं उसाचे ट्रॅक्टर, टेंपो, मोटरसायकली, पार वळणाच्या पलीकडं रांग. हॉर्न वाजत होते. मागं सरायला सुईभर जागा नव्हती. ऊन उतरायला लागलं. दाजी रांगेच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "दिवस बुडायच्या आत न्हाय निगालं तर ह्या वळणावर कुणीतरी मरतंय बघा. मागच्या ट्रॉल्यांना दिवं न्हाईत. धुकं पडलं की पोरं मोटरसायकलवरनं सरळ घुसत्यात उसाखाली. माजा बोजा अंधारात कदी रस्त्यात हुबा ऱ्हायला न्हाय."

"मग?" मी विचारलं.

त्यांनी वर तुळईकडं बघितलं. गावातला वेल्डर कटर घेऊन आला होता, विहिरीच्या कामावरची एक क्रेनही येऊन उभी होती. दोन्ही दाजींनीच बोलावली होती. पण बोलावून ठेवल्यावर पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ शेतातून धावत आला आणि कटर बघून जागीच थबकला.

"दादा, बाच्या नावावर कटर चालवतुयास? परक्याच्या मालापायी?"

"मालापायी न्हाय रं."

"मग कशापायी? एक रात ऱ्हाऊ दे की हुबा. उद्या काढू काय मार्ग. पोलिसास्नी सांगू, दोन कंदील लावू. गाव काय म्हनंल? पोरानंच बाप कापला म्हनंल!"

गाव तिथंच उभं होतं आणि निम्मं गाव मान डोलावत होतं. लग्नात मला वाकवणारा, ट्रॅक्टरवाल्यांच्या सात पिढ्या काढणारा माणूस हातात शिट्टी धरून उभा होता आणि भावाकडं बघवत नव्हतं म्हणून रस्त्याकडं बघत होता. खरं सांगायचं तर मला वाटलं, भावाचंच बरोबर आहे.

गर्दीतून त्यांची आई आली. चणीनं लहान, डोळ्यांवर मीच करून दिलेला जाड भिंगांचा चष्मा. गावात सगळे त्यांना काकी म्हणतात. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. टाकीकडं पाहिलं, कमानीकडं पाहिलं, मग बाजूला होऊन मागच्या एसटीकडं पाहिलं. खिडकीतून एक बाई रडणाऱ्या तान्ह्या पोराला बाहेरचं दाखवत होती.

"ही मानसं कवाधरनं हुबी हाईत?" काकींनी विचारलं.

"झाला की लई येळ, आई," दाजी म्हणाले.

"तुजा बा यष्टी दिसली की गाडी रस्त्याखाली घ्यायचा," काकी म्हणाल्या. "बैलं चिखलात घालायचा, पर वाट द्यायचा. मी वर उसावर बसल्याली असायची, लई शिव्या घालायची त्येला. म्हनायची, रस्ता काय यष्टीच्या बाचा हाय का? तर म्हनायचा, आगं, तिच्यात मानसं हाईत, आपल्या गाडीत ऊस हाय." त्या थांबल्या. मग धाकट्याकडं वळल्या. "जिता व्हता तवर कुणाच्या आडवा आला न्हाय त्यो. आन् मेल्यावर तुमी त्येला आडवा घातलाय व्हय? उतरीव खाली."

मागचे हॉर्न तेवढे चालू होते. दाजींनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि तुळईला पट्टे बांधायला स्वतः शिडीवर चढले. नेहमीसारखंच बांधलं, एकेक गाठ दोनदा ओढून पाहिली, दोन्ही टोकांना लाल फडकी लावली. वेल्डरनं कटर पेटवला. मी काकींना म्हटलं, "काकी, त्या उजेडाकडं बघू नका. डोळ्यांना वाईट."

"मी उजेडाकडं कुठं बघतीया?" त्या म्हणाल्या, "मी त्येच्या नावाकडं बघतीया."

अक्षरं तुळईसकट सावकाश खाली आली. दाजींनी आणि धाकट्यानं दोन टोकांना हात लावून ती कडेच्या गवतावर टेकवली, कुठं आपटू दिली नाही. टाकी आता मोकळ्या दोन खांबांसमोर उभी होती. घोडेवाला शिट्टीची वाट बघत होता. दाजींनी शिट्टी तोंडाला लावली, पण आवाज निघेना. पुन्हा लावली. नुसती हवा. धाकटा डोळे पुसत गवतात उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "फुंक की दादा. दिस बुडाय लागलाय."

मग ती वाजली. टाकी खांबांच्या मधून गेली, तिच्या मागून एसटी, मग ट्रॅक्टर, मग मोटरसायकली. एसटीतल्या बाईनं गवतातली ती मोठी अक्षरं पाहिली आणि सवयीनं हात जोडले. शेवटचा ट्रॅक्टर जाईपर्यंत काकी खांबाशी उभ्या होत्या. मी बारशाला पोचलो तेव्हा बाळ झोपलं होतं, नाव ठेवून झालं होतं, आणि बायकोनं काही विचारायच्या आत मी भिंतीला टेकून रडलो. मला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. मी त्या गृहस्थांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

पुलाचं काम कधीच पुरं झालं. वाहतूक पुन्हा बाहेरून जाते. तुळई दाजींच्या अंगणात आहे, नावावर पोरं बसून खेळतात आणि काकी त्यांना उठवत नाहीत. धाकटा म्हणतो, खांब वाढवू, पुन्हा चढवू. दाजी बघू म्हणतात. रस्त्यावर अजून किती थर पडतील ते कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं.

परवा मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. बोजा नव्हता, नुसती जीप, संध्याकाळची घरी निघालेली. खांब आले तशी त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं काठी उतरवतील. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, पण काठी तशीच उभी ठेवली. मग अगदी सावकाश, बोजा ओढत असल्यासारखी, गाडी दोन खांबांच्या मधून काढली. वर काहीच नाही. काठी मोकळ्या हवेतून सरळ निघून गेली, आणि दाजी काच खाली करून, मान बाहेर काढून, ती कुठं लागते का ते बघत राहिले.